तुम्ही विचारलंत म्हणून: ही गाणी हाडतास खयसून?

कुडाळच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. खोकल्याच्या बाटल्यांच्या वरच्या फळीवर एक लहानसा स्पीकर असतो आणि तो दिवसभर वाजत असतो. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवता सरकवता माणसं विचारतात, "ही गाणी हाडतास खयसून?" म्हणजे, कुठून आणता? यातल्या काहींचे मी पैसे भरतो म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "फुकट गावता तर पैसे कित्याक भरूचे?" गिऱ्हाईक उभं असताना याचं उत्तर धड देता येत नाही.

आधी शोधण्याचं सांगतो. ॲप जे सुचवतं ते मी फारसं मनावर घेत नाही. एक नाट्यगीत लावलं की ते तशीच पन्नास पुढे ढकलतं. माझी युक्ती जुनी आहे: गवयाचा नाही, साथीदाराचा माग काढायचा. कुमार गंधर्वांच्या मैफलीत पेटीवर गोविंदराव पटवर्धन ऐकले आणि मग गोविंदरावांनी आणखी कुणाकुणाला साथ केली ते बघत गेलो. त्या वाटेने गायक रामभाऊ मराठे नव्याने सापडले, आणि पुढे गोविंदरावांची एकट्याची पेटीही. महिनाभर दुकानात दुसरं काही लागलं नाही. कामाला असलेला मुलगा कंटाळला, पण पगार मी देतो.

आता पैशांचं. सगळंच विकत घ्यावं लागतं असं नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो; शब्द आणि चालीचा, कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. 'मानापमान' हे संगीत नाटक १९११चं. ते लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. म्हणजे बालगंधर्वांच्या आवाजातली त्यातली पदं, त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवरची, निर्धास्त उतरवून घ्या. इंटरनेट आर्काइव्ह या फुकट संग्रहाच्या साइटवर जुन्या तबकड्यांचा ढीग आहे. खरखर सहन करायची तयारी हवी, एवढंच.

महिन्याचं वर्गणीवालं ॲपही मी घेतलंय, जाहिरातींचा वैताग नको म्हणून. पण आपली वर्गणी आपण ऐकलेल्या कलाकारालाच पोचते, या समजात राहू नका. बहुतेक ठिकाणी सगळ्यांचे पैसे एकाच हंड्यात पडतात आणि एकूणात कोण किती वाजलं त्यावर वाटप होतं. मी महिनाभर एकाच सारंगियाला ऐकलं, तरी माझ्या पैशांतला मोठा घास लग्नाच्या वरातीत वाजणारी गाणी खाणार. स्पॉटिफायवर तर २०२४पासून, वर्षभरात १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. म्हणून ते ॲप मला चाखून बघण्यापुरतं. आवडलं आणि कलाकार स्वतः विकत असला, की तिथे जाऊन घेतो. बँडकॅम्प या, कलाकार आपली गाणी स्वतः विकतात त्या साइटवर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के कंपनी कापते, वर पैसे पोचवण्याचा खर्च, बाकी कलाकाराचं. काही ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते; हे २०२०मध्ये कोरोनाच्या काळात सुरू झालं. मी यादी करून त्या शुक्रवारची वाट बघतो. (कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या. मी दोनदा आपटलोय.)

आणि हो, मोबाइलच्या दुकानातून चिप भरून मीही आणलेली आहे. एका चिपमध्ये हजारभर गाणी, गाणाऱ्याचं नाव एकालाही नाही. साथीदाराचा माग काढणाऱ्याने त्या गाण्यांचं करायचं काय?

पण माझी खरी खोड मोडली ती डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात. काही वर्षांपूर्वी गणपतीनंतर एका देवळापुढे बारी होती. मी मंचाला खेटून बसून बुवांचा अख्खा गजर फोनवर घेतला आणि रात्रीच यूट्यूबवर चढवला. बुवा तेव्हा आपल्या भजनांचे पेनड्राइव्ह विकायचे, हे मला ठाऊक होतं, तरीही. आठवड्याने बुवा दुकानात आले. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, सुटे पैसे मोजून दिले आणि म्हणाले, "तुमी घातलास ता बघलंय. बरा दिसता. खाली माझो नंबर तरी घालूचो होतो." रागावले असते तर सोपं गेलं असतं. नंबर त्याच संध्याकाळी घातला. पुढच्या हंगामात मुंबईच्या चाकरमान्यांच्या दोन सुपाऱ्या त्यावरून आल्या, असं तेच सांगतात. पेनड्राइव्ह मात्र खपायचे थांबले, हेही तेच सांगतात. या दोन गोष्टींची वजाबाकी मला अजून जमलेली नाही. आता विचारल्याशिवाय मी काही चढवत नाही.

परवाच्या बारीत बघितलं, तर बुवांच्या पेटीच्या पुढच्या बाजूला क्यूआर कोड चिकटवलेला. समोरच्या बुवांनी आपल्या बारीत त्यावर चाल लावून टोला हाणला, लोक हसून लोळले. मी फोन काढून १०१ रुपये पाठवले. माइकवरून बक्षिसाचं नाव पुकारलं गेलं ते बायकोचं. खातं तिच्या नावावर आहे.