आम्ही तिथे असं उभं राहत नाही

बुधवार, रात्र

कॉलेजच्या अहवालासाठी मी माझ्या म्युझिक व्हिडिओचा एक कच्चा तुकडा लोकांना दाखवला, सोबत प्रश्नावली दिली. तिला एकूण ३१ उत्तरे आली. त्यांतल्या ३० उत्तरांनी दिलेला आनंद काल संध्याकाळी एकतिसाव्याने पार धुऊन नेला. ‘घाट छान दिसतो, पण आम्ही तिथे असं उभं राहत नाही.’ एवढेच. खाली नाव नाही, कारण नावाचा रकाना मीच ठेवला नव्हता. त्यामुळे लोक मोकळेपणाने लिहितील, असे सरांना मीच ठासून सांगितले होते. लिहिले की मोकळेपणाने.

चाळीस सेकंदांच्या त्या कच्च्या तुकड्यात सूर्य मावळताना रामकुंडाच्या पायऱ्यांवर एक मुलगी दोन्ही हात पसरून उभी आहे, तिची ओढणी वाऱ्यावर उडते आहे आणि हे सगळे संथ गतीत. ते दृश्य मला किती आवडले होते, हे आता लिहायचीही लाज वाटते. पुण्या-मुंबईच्या कुणी असे म्हटले असते तर मी हसून सोडून दिले असते. पण हे ‘आम्ही’ नाशिकचे आहे, आणि मीही पंचवटीतच लहानाची मोठी झाले. मग त्या ‘आम्ही’त मी नाही का? रात्रभर तोच एक शब्द घोळवत पडले होते. आत्याने लिहिले असेल का, असेही मनात येऊन गेले. तो विषय आज नको.

पहाटेपर्यंत सगळ्या जगाचा राग आला होता, इतके राबूनही कुणाला किंमत नाही म्हणून. सकाळी प्रश्नावली पुन्हा उघडली. प्रश्न पाचवा: ‘हे दृश्य तुम्हाला किती भावले?’ पर्याय तीन: खूप, बऱ्यापैकी, थोडेसे. नाही म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती. शिवाय उत्तरे देणारे बहुतेक माझ्याच वर्गातले, कॉलेज रोडला रोज चहाला भेटणारे. अहवालाची सुरुवात मात्र, सगळ्यांची होते तशी, १९८१ साली एमटीव्ही सुरू झाल्यापासून. आणि दुसऱ्या पानावर ब्लम्लर आणि कॅट्झ या माध्यम-अभ्यासकांचा दाखला देऊन मी ऐटीत लिहिले आहे की, प्रेक्षक आपापल्या गरजा घेऊन माध्यमाकडे येतो, त्यांतली एक गरज पडद्यावर स्वतःला ओळखण्याची असते. कुणीतरी ओळखायला गेले आणि त्याला कुणी दिसलेच नाही.

आज गोदाकाठी बुधवारचा बाजार होता. कॅमेरा न घेता नुसतीच जाऊन बसले. तासाभरात कुणीही हात पसरले नाहीत. एक बाई मेथीची जुडी पिशवीत कोंबत, चपला हातात धरून, ओल्या पायऱ्यांवरून तिरकी तिरकी उतरली. तिच्या मागून आलेल्या आजोबांनी नदीच्या आधी दुतोंड्या मारुतीकडे, म्हणजे नदीपात्रातल्या त्या उंच मूर्तीकडे, पाहिले. पावसाळ्यात आम्ही सगळेच तसे पाहतो. पाणी मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पूर किती आला हे ठरते. माझ्या चाळीस सेकंदांत मारुती नाही. म्हणजे होता, मागे तारा आणि वाढदिवसाचा फ्लेक्स येत होता, म्हणून चौकट मीच डावीकडे सरकवली.

नवा प्रश्न लिहिला आहे: ‘घाटावर गेल्यावर तुमचे लक्ष आधी कुठे जाते?’ पर्याय दिले नाहीत, खाली चार कोऱ्या ओळी सोडल्या आहेत. पुढच्या बुधवारी वीस छापील प्रती घेऊन बाजारात जाईन. मेथीवाल्या मावशींनी चष्मा नसल्याचे आधीच सांगून ठेवले आहे, त्यामुळे त्यांना वाचून दाखवावे लागेल.

तो तुकडा अजून पुसलेला नाही. ओढणी खरोखरच सुंदर उडते.