द्राक्षाच्या पेटीतून पाणी जातं का?

"द्राक्षं परदेशात पाठवता म्हणजे आपलं पाणीच पाठवता की!" शिवारफेरीला आलेल्या पाहुण्यांपासून लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पुण्याच्या साडूंपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. माझी बाग सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळ तालुक्यात, म्हणजे दुष्काळी पट्ट्यात. त्यामुळं प्रश्नाला टोमण्याची धार असते: इकडं टँकर येतोय आणि तिकडं कंटेनर चाललाय. पंगतीत याचं उत्तर पुरं होत नाही. म्हणून इथं लिहितो.

जातं, पाणी जातं. पण पेटीत भरून नव्हे. किलोभर द्राक्षात प्रत्यक्ष पाणी लिटरभरसुद्धा नसतं. वेलीला दिलेलं बाकीचं सगळं पानांतून आणि मातीतून इथंच उडून जातं. लंडनच्या प्राध्यापक टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकात माल पिकवायला लागलेल्या पाण्याचा हा हिशेब जगापुढं मांडला. पश्चिम आशियातले पाणी नसलेले देश तगतात कसे, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर होतं बाहेरून येणारा गहू. एक टन गहू विकत घेतला की साधारण हजार टन पाणी घरचं वाचतं. याबद्दल २००८ साली त्यांना स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळाला. पुढं नेदरलँड्सच्या आर्येन हुकस्ट्रा यांनी वस्तूगणिक आकडे काढले. जगाच्या सरासरीनं किलोभर द्राक्षाला सहाशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. बेदाण्याला २,४०० लिटर, कारण चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा किलोभर बेदाणा हातात येतो. उसाच्या साखरेला सुमारे १,७८० आणि एका सुती शर्टाला अडीच हजार लिटर.

हे आकडे मोबाईलवर फिरतात आणि लोक ते आमच्या अंगावर टाकतात. माझा हिशेब थोडा वेगळा आहे. माझ्याकडं ठिबकमधून एकरी वर्षाला वीसेक लाख लिटर पाणी जातं आणि माल दहा टनांच्या आसपास निघतो. म्हणजे किलोला दोनशे लिटर. मग सहाशे कुठून आले? त्या सरासरीत शेतावर पडलेला पाऊस धरलेला असतो, आणि खता-औषधांनी बिघडलेलं पाणी पुन्हा चांगलं व्हायला जेवढं लागेल तेवढंही. हे धरू नये असं माझं म्हणणं नाही. पण पाऊस माझ्या रानावर मी बाभळी ठेवल्या असत्या तरी पडलाच असता. विहिरीतून उपसलेला लिटर दुसऱ्या कुणाच्या तरी वाटणीचा असतो.

कापसाचंच बघा. विदर्भातला बहुतेक कापूस पावसावर येतो. उतारा कमी, म्हणून किलोमागं पाणी भरमसाट दिसतं. उझबेकिस्तानातल्या कापसासाठी मात्र १९६० नंतर अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या कालव्यांत वळवल्या आणि अरल समुद्र आटत गेला. कागदावर आकडा सारखा आला तरी हे दोन शर्ट सारखे नव्हेत. म्हणून कुणी "किलोला किती लिटर?" विचारलं, की मी आधी "कुठलं आणि कुठल्या महिन्यातलं?" असं विचारतो.

माझा महिना एप्रिल. खरड छाटणी झाली की नवी काडी फुटते, तिच्यावर पुढच्या वर्षीची सगळी भिस्त, आणि नेमका तेव्हाच विहिरीचा तळ दिसतो. मग शेततळं, तेही संपलं तर टँकर. म्हैसाळ उपसा योजनेचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं तर जीव भांड्यात पडतो. ते पाणी कृष्णेतून पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून आमच्यापर्यंत येतं. त्या विजेच्या बिलातला १९ टक्के वाटा आमच्या पाणीपट्टीतून जातो, ८१ टक्के शासन भरतं. आता माझ्या मालाचा खर्चाचा कागद बघा: पनेट (द्राक्षाची छोटी प्लास्टिकची डबी), खोका, ग्रेप गार्ड (माल सडू नये म्हणून खोक्यात ठेवायचा कागद), प्रीकूलिंग (पाठवण्याआधी माल थंड करणं), कंटेनर, जहाजाचं भाडं, सगळं पैशापैशानं लिहिलेलं असतं. पाण्याची ओळच नसते. ते ८१ टक्के परदेशातलं गिऱ्हाईक भरत नाही, मीही भरत नाही. पाणी निर्यात होतं म्हणायचं असेल तर ते इथं, या न लिहिलेल्या ओळीत.

आणि द्राक्षावर बोट ठेवणाऱ्यांनी थोडं पश्चिमेला, उसाकडंही बघावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पन्नास वाघिणींच्या एका गाडीत २५ लाख लिटर. टीव्हीवर दिवसभर तीच गाडी. सरासरीच्या हिशेबानं तेवढं पाणी पन्नास किलोच्या अठ्ठावीस पोती साखरेत मावतं. वीस टनाचा एक ट्रक साखर घेऊन बंदराकडं निघाला, तर तशा चौदा गाड्या निघाल्या. त्यातलं निम्मं पावसाचं म्हणून सोडून द्या, तरी सात उरतात. त्या ट्रकचं चित्रीकरण करायला कुणी येत नाही. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. याच दरानं मांडलं तर सहा कोयना धरणांपेक्षा जास्त पाणी होतं. पुढं निर्यातीवर निर्बंध आले, त्याचं कारण होतं देशातली उपलब्धता आणि भाव. पाण्याचा विषयच नव्हता.

"मग निर्यात बंद करायची का?" हा ठरलेला पुढचा प्रश्न. माझं उत्तर नाही. तुमच्या वरणातली तूर मोझांबिकच्या पावसावर पिकलेली असू शकते आणि फरसाण तळलेलं पामतेल इंडोनेशियाच्या. भरपूर पाऊस असलेल्या मुलखातून माल यावा, यात वाईट काही नाही. उलट्या दिशेचा धंदा बघायचा तर सौदी अरेबियाचा बघा. वाळवंटात खोलवरचं, हजारो वर्षांचं साठलेलं पाणी उपसून त्यांनी गहू पिकवला, १९९० च्या सुमारास तो निर्यातही केला. २००८ मध्ये ठरवलं की हे थांबवायचं, आणि २०१६ पर्यंत गव्हाची सरकारी खरेदी बंद झाली. मग तिथल्या एका दूध कंपनीनं अमेरिकेत ॲरिझोनात जमीन घेऊन लसूणघास लावला आणि तो जहाजानं घरी नेला. ॲरिझोना तरी कुठं पाणथळ आहे? शेजारच्या जत तालुक्यात हजार-हजार फुटांच्या बोअरच्या गोष्टी ऐकल्या की मला हे सगळं आठवतं.

गिऱ्हाईक विचारतं तेव्हा शेतकरी लिहून ठेवतो, हा माझा अनुभव. २०१० साली वेलीची वाढ आवरणाऱ्या एका औषधाच्या मालात उरलेल्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली. तेव्हापासून फवारणीची वही आमच्या पट्ट्यात पोथीसारखी जपली जाते. आता युरोपातले काही खरेदीदार पाण्याच्या नोंदीही मागायला लागलेत. त्यासाठी मी ठिबकच्या मेन लाईनवर मीटर बसवला. वर्षाच्या पाण्यातला केवढा वाटा छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत जातो, ते त्या आकड्यांत पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. म्हणून यंदा छाटणीच्या आधीच बोदावर, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावर, उसाच्या पाचटाचं आच्छादन केलं. पाचट वाळवा तालुक्यातून ट्रॉलीनं आणावं लागतं, आणि ते काही फुकट मिळत नाही.