टस्कीगीचं ९१ नंबरचं रुग्णालय

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांसाठी अलाबामातल्या टस्कीगीत फेब्रुवारी १९२३ मध्ये सुमारे ६०० खाटांचं सरकारी रुग्णालय सुरू झालं. रुग्ण सगळे काळे, डॉक्टर आणि नर्स मात्र गोरे. त्यात राज्याचा कायदा असा, की गोऱ्या नर्सनं काळ्या रुग्णाला हात लावायचा नाही! मग हाताखाली काळ्या मदतनीस बायका. म्हणजे पगार एकीकडे, काम दुसरीकडे.

टस्कीगी संस्था या तिथल्या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन आणि काळ्या डॉक्टरांची नॅशनल मेडिकल असोसिएशन यांनी काळे डॉक्टर नेमायचा आग्रह धरला. त्याविरुद्ध ३ जुलै १९२३ ला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेनं मोर्चा काढला. तरी १९२४ मध्ये डॉ. जोसेफ वॉर्ड प्रमुख झालेच.

पण रुग्णालयासाठी काळे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? बोस्टनचे काळे मनोविकारतज्ज्ञ डॉ. सॉलोमन कार्टर फुलर यांनी टूसाँ टिल्डन यांच्यासह काही तरुण डॉक्टर घडवले. मुख्य धडा सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाचा. तो मेंदूत शिरला की वागणं बिघडतं, स्मृती जाते, बोलणं अडखळतं. नुसतं वागणं पाहून निदान केलं तर आजार निसटतो. आणि निदान चुकलं की सैनिकाचे सरकारी लाभही हातचे जात.