परतीचा गठ्ठा

आज दिवसभर न विकलेली पुस्तके प्रकाशकांकडे परत पाठवण्यासाठी बांधत होते. परतीच्या बोलीवर पुस्तके मिळतात, म्हणूनच आमच्यासारखी छोटी, स्वतंत्र दुकाने अनोळखी लेखकांना फळीवर जागा देण्याचे धाडस करू शकतात. तरीही मुदत संपल्यावर त्याच पुस्तकांवर दोरी आवळताना हात जड होतो. २००७ पासून १३ अंकी झालेले आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची ओळख पटवणारे क्रमांक मी यादीशी ताडून पाहत असताना, वाचनकट्ट्याला नियमित येणाऱ्या पण तिथे कधीही तोंड न उघडणाऱ्या एका आजोबांनी अर्धवट बांधलेल्या गठ्ठ्यातून एक कवितासंग्रह काढला आणि स्टुलावर बसून तो चक्क मोठ्याने वाचायला सुरुवात केली. (हिशेबाच्या दृष्टीने हे गैरसोयीचेच!) हळूहळू चार वाचक भोवती येऊन उभे राहिले. मी गठ्ठा पुन्हा सोडला. यादी आता उद्या नव्याने करावी लागेल.