स्टेपनी टांगू नका, आवळून बसवा

पिकअपच्या हौद्याखालची स्टेपनी नीट बसली आहे का, हे बघायला पाना लागत नाही. मागच्या बंपरपाशी उकिडवं बसायचं, टायर दोन्ही हातांनी धरायचा आणि आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे जोर लावायचा. हलली तर सगळी गाडी हलली पाहिजे. एकटा टायर हलला किंवा आतून 'ठक्' असा आवाज आला, तर ती स्टेपनी बसवलेली नाही, नुसती टांगलेली आहे. नाशिकच्या मार्केट यार्डात रांगेतल्या गाड्यांखाली वाकून बघा, अशा टांगलेल्या स्टेपन्या चिक्कार दिसतील.

रिंगसकट टायरचं वजन २५-३० किलोच्या घरात जातं. विंच म्हणजे हँडल फिरवून स्टेपनी वायरने वर ओढणारं यंत्र. त्याची वायर हे वजन उचलून वर नेण्यासाठी असते, रस्ताभर झेलत राहण्यासाठी नाही. टायर वर जाऊन चेसिसच्या आडव्या पट्टीला घट्ट दाबला गेला, की धक्के रबर आणि चेसिस मिळून खातात आणि वायरवर फक्त स्थिर ताण राहतो. अर्धा इंच जरी ढिलाई राहिली, तरी प्रत्येक खड्ड्याला टायर उडतो आणि वायरवर आदळतो. त्या झटक्याचा ताण टायरच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. निफाडकडचा शिवाररस्ता, मधली चारी, हौद्यात टोमॅटोचे क्रेट आणि पिंपळगाव बसवंतला पोहोचायची घाई, अशा वाटेवर तासाभरात शेकडो झटके बसतात. वायर तुटते तीही बहुतेक टायरला खालून धरणाऱ्या थाळीच्या अगदी वर, कारण ती तिथेच सतत मुडपते.

विंचवर चढवताना गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर आणि पुढच्या चाकांना दगड. टायर हौद्याखाली आडवा सरकवायचा. गाडीच्या पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल तर वॉल, म्हणजे हवा भरायचं तोंड, खालच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे स्टेपनी न उतरवता हवा तपासता येते. वायरच्या टोकाची थाळी तिरपी करून रिंगच्या मधल्या भोकातून खाली काढायची आणि आडवी करून मधोमध बसवायची. बहुतेक गडबड इथेच होते. थाळी एका कडेला अडकली तरी टायर वर जातो, घट्टही वाटतो, पण पहिल्या मोठ्या खड्ड्याला थाळी जागेवर सरकते आणि सगळी ढिलाई एकदम बाहेर येते. म्हणून टायर जमिनीपासून दोन इंच उचलला की थांबून बघायचं. तो पातळीत लटकतोय का, थाळी चारही बाजूंनी टेकली आहे का. एका बाजूला कलला असेल तर खाली सोडून पुन्हा बसवायचा.

हँडल सावकाश फिरवा. काही विंचमध्ये टायर पुरता वर बसला की कट-कट आवाज येतो, म्हणजे आतला क्लच सुटतोय. काहींमध्ये आवाज नसतो, हँडल फक्त जड होतं. त्यापुढे हँडलला पाईप घालून ताकद लावू नका, आणि गॅरेजातली नट फिरवायची इम्पॅक्ट गन तर नकोच. आतले दाते छोटे असतात, एकदा खाल्ले गेले की विंच भंगारात. आवळून झाल्यावर सुरुवातीची ती दोन हातांची परीक्षा घ्या आणि ५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा घ्या. रबर थोडं दबतं, वायरही ताणून बसते, त्यामुळे अर्धा-एक फेरा हमखास मिळतो.

स्टेपनीतली हवा हा पकडीचाच भाग आहे, हे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. टायर आपोआप महिन्याला १-२ पीएसआय सोडतो. वर्षभर कोणी बघितलं नाही तर तो मऊ पडतो, चेसिसवरचा दाब कमी होतो आणि आवळलेली वायर आपसूक ढिली होते. भरल्या गाडीच्या मागच्या चाकाला जितकी हवा सांगितली आहे, तितकी स्टेपनीत ठेवा. वाटेत हवा सोडता येते, भरता येत नाही. त्याच वेळी टायरवरचे तारखेचे चार आकडेही बघून ठेवा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. न वापरलेली स्टेपनीसुद्धा म्हातारी होते.

काही गाड्यांना विंच नसतो, पट्टी आणि लांब बोल्ट असतो, किंवा लोखंडी पाळणा. मजबुतीला ही पद्धत चांगली, मात्र नट सैल होऊ देता कामा नये. पट्टीखाली रुंद जाड वॉशर, मग नट, त्यावर तो सुटू नये म्हणून दुसरा नट, म्हणजे चेकनट. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरला तर दर वेळी नवा घ्या, एकदा काढलेल्याची पकड उरत नाही. बोल्ट बदलायची वेळ आली तर गाडीच्या टूलकिटमधल्या पान्याने फिरेल असाच नट निवडा. गॅरेजमध्ये सोयीचा वाटलेला वेगळा नंबर रात्री कसारा घाटात कामाचा नाही. आट्यांना ग्रीस लावा आणि उघड्या आट्यांवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून तारेने बांधा.

काळी माती हा विंचचा खरा शत्रू. पावसाळ्यात ती विंचच्या खोक्यात जाऊन बसते, उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते आणि आतलं ग्रीसही शोषून घेते. मग गरज पडते त्या दिवशी हँडल फिरत नाही. वॉशिंगला गाडी गेली की स्टेपनी खाली सोडायला सांगा. विंचच्या सांध्यांत गंज सोडवणारा स्प्रे मारा, विंच पूर्ण खाली-वर दोनदा फिरवा, मग ग्रीस. वायरला मात्र पातळ तेलच पुसा. जाड ग्रीसला धूळ चिकटते आणि तिची पॉलिशपेपरसारखी लुगदी होते. वायरवरून जाड फडकं फिरवा, उघडा हात नको. फडकं कुठे अडकलं तर तिथली तार तुटली आहे. एक तार तुटलेली असो की थाळीजवळ गंजाचा फुगवटा असो, पूर्ण विंच बदला. यू-क्लॅम्प लावून जोडलेली वायर विंचच्या भोकात शिरतच नाही, टायर दोन इंच खालीच राहतो आणि आपण पुन्हा टांगलेल्या स्टेपनीवर येतो.

तसंच मापाचं. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७० सेंटीमीटर भरतो. त्या जागी दुसऱ्या गाडीचा उंच टायर कोंबला तर तो पाट्यांच्या शॅकलला (पाटे चेसिसला जोडणाऱ्या कडीला) किंवा सायलेन्सरच्या नळीला घासतो, लहान बसवला तर चेसिसच्या टेकूपर्यंत पोहोचत नाही. नायलॉनच्या दोरीने 'आजच्यापुरतं' बांधणं तर सोडूनच द्या. सायलेन्सरच्या उष्णतेने दोरी कधी वितळली ते कळतही नाही, आणि निसटलेली स्टेपनी मागच्या दुचाकीवाल्यासमोर जाऊन पडते.

चोरीसाठी साखळी लावायचीच असेल तर तिच्याकडून दोन कामं करून घ्या. ८ मिलिमीटरची साखळी रिंगच्या भोकातून घेऊन चेसिसला वळसा द्या आणि ताणूनच कुलूप घाला. वायर तुटली तरी टायर रस्त्यावर येत नाही. साखळी ब्रेकच्या नळीवरून किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या वरच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हच्या (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या) दांडीवरून जाऊ देऊ नका. कुलपाचं तोंड खाली ठेवा आणि त्यालाही ट्यूबचं टोपडं घाला. नटला वेल्डिंग मारून चोरी थांबते खरी, पण पंक्चर झाल्यावर चोराइतकेच आपणही अडकतो.

भरल्या गाडीचं मागचं चाक बसलं की बंपर इतका खाली येतो की स्टेपनी जमिनीवर सोडली तरी बाहेर ओढता येत नाही. अशा वेळी आधी स्टेपनी पूर्ण खाली सोडायची, मग जॅकने मागची बाजू उचलून ती हँडलने किंवा लांब टॉमीने (लोखंडी सळईने) ओढून घ्यायची. जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. आणि हौदा वाढवून नवी बॉडी बांधत असाल तर बंपर जोडण्याआधी बॉडीवाल्यासमोर हँडल विंचच्या भोकात घालून फिरवून बघा. नंबरप्लेट किंवा नवा अँगल नेमका भोकासमोर येतो आणि ते कळतं पहिल्या पंक्चरला.