नात्याचा रकाना

आमच्या घरभेटीच्या वहीत एक रकाना असतो: काळजी घेणाऱ्याचं नाव आणि रुग्णाशी नातं. औसा तालुक्यातल्या त्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा तो तरुण म्हणाला, "मुलाचा मित्र लिहा." पुढच्या खेपेला काकूच अंथरुणातून बोलल्या, "जावई हाय माझा. परवा साखरपुडा झाला." मी खोडून 'होणारा जावई' लिहिलं. तो मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, लाजला.

काकूंना गालाचा कॅन्सर. वर्षानुवर्षं मिसरी लावलेली. जखम बाहेर फुटली होती आणि वासामुळं शेजारच्या बाया दारातूनच माघारी जात. ऑपरेशनची वेळ गेली होती. दुखणं कमी करणं, एवढंच उरलं होतं, आणि ते आमचं काम. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी. झोपताना दोन, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. सोबत पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिननं पोट धरतंच. जखमेवर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड. तिनं वास उतरतो. मॉर्फिन म्हणजे शेवटची गोळी, असं समजून नातेवाईक घाबरतात. त्यानं मात्र सगळं नीट विचारून घेतलं आणि भिंतीवर खडूनं वेळा लिहिल्या: ६, १०, २, ६, १०. मुलगी ड्रेसिंग शिकली. तिचा हात हलका होता.

मोठ्या दवाखान्यात पंधरा दिवस सांगितले होते. पण दुखणं आवाक्यात आलं तशा काकू झोपायला लागल्या, चमच्यानं पेज घ्यायला लागल्या. दिवाळी गेली, थंडी पडली.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, मी गेले तर गाव ओस. सगळे रानात. काकूंनी हट्ट धरला होता, म्हणून त्यांनाही नेलेलं. मी ड्रेसिंगची पिशवी घेऊन बांधाबांधानं पोचले. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव. शेजारी भज्जीचं पातेलं. डोक्यावर घोंगडीची घडी, तिच्यावर आंबिलीचा बिंदगा घेऊन तो येत होता. हा मान घरच्या माणसाचा. काकू एकटक बघत होत्या.

ड्रेसिंग झालं, दोन चमचे आंबील पोटात गेली आणि त्या कोपीत गाढ झोपल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांनी माळवदाचं घर खाली येताना पाहिलं होतं. पक्क्या छताखाली त्यांना कधी धड झोप नव्हती. रानात लागली.

"ट्रॅक्टर असताना यांना बैलगाडीतून कशाला आणलं?" मी सहज विचारलं.

तो गप्प. मुलगीच बोलली. "ताई, आम्ही मायीशी खोटं बोललालाव. साखरपुडा खोटा हाय. डोळे मिटायच्या आत बघायचाय म्हणून तिनं अन्नपाणी सोडलं व्हतं."

मग तो बोलला. गेल्या वर्षी सोयाबीन घालून तो आणि काकूंचा मुलगा रात्री लातूरहून परतत होते. वाटेत अपघात झाला, मुलगा गेला. टेम्पो चालवायची पाळी याची होती. "मी झोपलो. त्यानं उठवलं नाही मला." तेव्हापासून त्यानं स्टेअरिंगला हात लावला नव्हता. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिचा हात ताटलीतच थांबला. "रातच्याला निघून ये म्हणून फोन मी केला व्हता," ती म्हणाली. "सकाळी फी भरायची व्हती." हेही तो पहिल्यांदाच ऐकत होता.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "तुझा फोन यायच्या आधीच आम्ही निघालो व्हतो." हे खरं होतं का, मी विचारलं नाही. ती पदर तोंडाला लावून रडली. त्याचं ओझं हलकं करणारं तसं एखादं वाक्य तिच्याकडं नव्हतं. तिनं त्याच्या वाटीत आंबील वाढली, एवढंच.

रुग्णापासून आजार लपवू नका, असं मी घरोघरी सांगते. हे खोटं मी काकूंपाशी उघड केलं नाही. पण त्याला स्पष्ट सांगितलं, "प्रायश्चित्त म्हणून हिच्याशी लग्न करू नका. जन्मभर हिच्याकडं बघून तुम्हाला तो टेम्पोच आठवेल, आणि ते हिला कळेल." त्यानं मान हलवली. ती म्हणाली, "मी पण हेच म्हणलाली कवापासून."

काकू माघात गेल्या. झोपेत, न कण्हता. याचं मला फार समाधान आहे.

तेराव्यानंतर दोघं उरलेल्या गोळ्या परत द्यायला आले. मॉर्फिनच्या एकेका गोळीचा हिशेब द्यावा लागतो. वही उघडली. परत देणाऱ्याचं नाव, नातं.

"मुलाचा मित्र लिहा," तो म्हणाला.

"नका लिहू," ती म्हणाली. अंगठी तिच्या बोटात नव्हती, रुमालात बांधून हातात धरली होती. "रिकामा राहू द्या, ताई. सध्या."

तो तिच्याकडं बघत राहिला. मी रकाना सोडला आणि गोळ्या मोजल्या. ३४ होत्या.