मोजून लिहायचे, अंदाजाने नाही

न्यू जर्सीतल्या ज्या रुग्णालयात मी काम करते, तिथे परिचारिकांच्या जोडीला पेशंट केअर टेक्निशियन असतात. बोलताना सगळे त्यांना नुसते ‘टेक’ म्हणतात. मीही त्यांतलीच एक. आपल्याकडे हेच काम विखुरलेले असते: थोडे सिस्टरांकडे, थोडे मावशी आणि मामांकडे, आणि बरेचसे उशाशी बसलेल्या नातेवाइकांकडे. इथे नातेवाईक भेटायला येतात, पण रुग्णाला कुशीवर वळवणे, भरवणे, लघवी मोजून लिहिणे ही त्यांची जबाबदारी मानली जात नाही, आणि म्हणून त्यासाठी शिकून तयार झालेला माणूस लागतो.

नर्सिंग असिस्टंटचे शिक्षण हा या कामाचा नेहमीचा पाया. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार ते किमान ७५ तासांचे असते, न्यू जर्सीत ९० तासांचे. त्यावर रक्त काढणे, ईसीजी घेणे आणि छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे प्रशिक्षण येते. तास थोडे आहेत, पण या माणसाने लिहिलेल्या आकड्यांवर डॉक्टर औषध वाढवतात किंवा थांबवतात, हे ध्यानात घेतले की त्या तासांचे मोल कळते.

सर्वांत दुर्लक्षित आकडा श्वासाचा. नाडी, बीपी आणि ऑक्सिजन यंत्रावर आपोआप उमटतात. साध्या वॉर्डात श्वास मात्र माणसालाच मोजावा लागतो. तो मोजला जात आहे हे रुग्णाला कळू द्यायचे नसते, कारण कळताच त्याची लय बदलते. म्हणून नाडी पाहून झाली तरी बोटे मनगटावरच ठेवायची, नजर छातीकडे वळवायची, आणि छाती एकदा वर होऊन खाली आली की एक, असे पूर्ण मिनिटभर मोजायचे. प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. घाईच्या वेळी न मोजताच १८ लिहून पुढे जाण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते या कामातली सर्वांत घातक सवय तीच आहे, कारण तब्येत बिघडू लागलेल्या माणसाचा श्वास बरेचदा बीपी घसरण्याच्या आधीच वाढलेला असतो.

बीपीची गोष्ट तुमच्या घरातही लागू पडते. गावाहून आईबाबांनी फोनवर वाढलेला आकडा सांगितला की मी आधी विचारते, मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसला होतात का, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर होती का, हात हृदयाच्या पातळीवर होता का, पट्टा बाहीवरून तर बांधला नव्हता ना. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) केलेल्या हातावर तर बीपी घ्यायचेच नाही.

रक्त काढताना नळ्यांचा क्रमही ठरलेला असतो. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनात पोटॅशियम असते. त्याचा अंश पुढच्या नळीत गेला तर अहवालात पोटॅशियम वाढलेले दिसते आणि नसलेल्या आजारावर उपचार सुरू होऊ शकतात. त्याहून मोठी चूक म्हणजे एकाचे रक्त दुसऱ्याच्या नावावर जाणे. त्यासाठी ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारायचे नाही, कारण अर्धवट झोपेतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची आणि नळीला चिठ्ठी खाटेपाशीच लावायची.

स्वतःहून हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. त्याला ओढायचे नसते. खालच्या चादरीसह दोघांनी उचलून सरकवायचे, टाचा गादीला टेकणार नाहीत अशी उशी पोटऱ्यांखाली द्यायची. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून पाहायचे; दाबल्यावरही ती फिकी झाली नाही, तर तिथे जखम सुरू झाली आहे असे समजून लगेच कळवायचे. सावळ्या त्वचेवर मात्र ही लाली सहज दिसत नाही. आपल्या माणसांच्या बाबतीत ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा दुखरी लागते का, हे हातानेच चाचपावे लागते, आणि घरी अंथरुणाला खिळलेले कुणी असेल तर एवढे तरी नक्की शिकून घ्या. २००८ पासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना रुग्णालयातच झालेल्या खोल शय्याव्रणांच्या, म्हणजे पडून राहून होणाऱ्या अशा जखमांच्या, उपचाराचे जादा पैसे रुग्णालयाला देत नाही, त्यामुळे व्यवस्थापनही याकडे बारीक लक्ष ठेवते.

टेकला औषध देता येत नाही, ईसीजीचा अर्थ रुग्णाला सांगता येत नाही. त्याने कळवायचे असते, आणि तेही आकड्यानिशी. साखर ७० च्या खाली आली तर नोंद करून मोकळे व्हायचे नाही, तत्काळ नर्सला गाठायचे. आकडे सगळे ठीक असले, पण सकाळी नातवाबद्दल बोलणारे आजोबा दुपारी नुसती मान हलवू लागले, तर तेही सांगायचे, आणि कुणाला, किती वाजता सांगितले हे लिहून ठेवायचे.